सापडलंय म्हणे

रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला : 'कोळी सापडला म्हणे.'

बायकोनं झोपेतच विचारलं, "कुणाचं काय झालं?" साडेअकराला फोन वाजला की आपल्याकडे आधी हाच प्रश्न येतो. मी म्हटलं, "काही नाही, कोळी सापडलाय." तिनं एक डोळा उघडून छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

हा कोळी १९३३ सालचा. 'किंग काँग'मध्ये तो अजस्र वानर नायिकेला घेऊन जंगलात शिरतो आणि जहाजावरची माणसं त्याच्या मागावर निघतात. दरीवर आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून ती पलीकडे जात असताना काँग ओंडकाच गदागदा हलवतो आणि माणसं खाली पडतात. आज आपण पाहतो त्या सिनेमात ती पडली की मेली. पण मुळात दरीच्या तळाशी काही जण जिवंत उरायचे आणि कपारींतून राक्षसी कोळी आणि तसलेच जीव बाहेर येऊन त्यांचा फडशा पाडायचे. हा प्रसंग चित्रित झाला होता. त्याची छायाचित्रं आहेत, फिल्म मात्र नाही. दिग्दर्शक मेरियन कूपरनं ती स्वतःच कापली. त्या प्रसंगात गोष्ट अडून राहते, असं त्याचं मत होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला, प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळाला प्रेक्षक किंचाळत उठून गेले म्हणे, म्हणून कापली म्हणे.

हे 'म्हणे' मला फार आवडतं. बातमी तर द्यायची, पण जामीन राहायचं नाही. 'त्यांनी फ्लॅट विकला म्हणे', 'तिचं जमलं म्हणे', तसंच 'फिल्म सापडली म्हणे'. जुन्या भुताखेतांच्या सिनेमांचे नादिष्ट जगभर आहेत आणि दर चार-दोन वर्षांनी त्यांच्यात एक वावडी उठते. कुणाच्या तरी तळघरात एक गंजका डबा निघालेला असतो. तो उघडून पाहिलेला माणूस सांगणाऱ्याच्या ओळखीच्याचा ओळखीचा असतो. डबा पाहिलेला माणूस स्वतः येऊन सांगतोय असं कधी होत नाही.

सगळ्यात जास्त वावड्या उठल्या असतील त्या 'लंडन आफ्टर मिडनाइट'च्या. टॉड ब्राउनिंगचा १९२७ सालचा मूकपट. त्यात लॉन चेनी करवतीसारखे दात लावून, डोळे वटारून, उंच टोपी घालून वावरतो. मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी सिनेकंपनीच्या साठवणघराला १९६५ साली आग लागली आणि त्यात शेवटची माहीत असलेली प्रत गेली. तेव्हापासून ती सापडतच असते! कधी म्हणे भलत्याच नावाच्या डब्यात, कधी म्हणे एका श्रीमंत विक्षिप्ताकडे, जो ती एकटाच पाहतो. गंमत अशी, की तिचं एक पोस्टर २०१४ साली चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार डॉलरला विकलं गेलं. सिनेमा उरला नाही, त्याची जाहिरात तेवढी उरली. २००२ मध्ये उरलेली स्थिरचित्रं ओळीनं लावून त्याची गोष्ट पुन्हा मांडली गेली. ती बघताना लग्नाऐवजी लग्नाचा अल्बम पाहिल्यासारखं वाटतं. अल्बममध्ये रुसवेफुगवे नसतात.

पण वावड्यांना मी सरसकट हसत नाही, कारण मधूनच एखादी खरी ठरते. एडिसनच्या कंपनीनं १९१० साली केलेला पहिला 'फ्रँकनस्टाइन' कायमचा गेला असं सगळे धरून चालले होते. तो विस्कॉन्सिनमधल्या एका संग्राहकाकडे निघाला. आपल्याकडे काय दडलंय, हे त्याला स्वतःलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. 'नोस्फेराटू' या जर्मन भयपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करा असा जर्मन कोर्टाचा हुकूम होता, तरी तो आज घरबसल्या पाहता येतो. हुकूम निघेपर्यंत प्रती गावोगाव पोचल्या होत्या.

आणि 'फ्रँकनस्टाइन', म्हणजे जेम्स व्हेलचा, बोरिस कार्लोफवाला, १९३१ सालचा. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्या राक्षसाला भेटते. ती त्याला घाबरत नाही, फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात सोडतात आणि ती फुलं तरंगतात. राक्षसाची फुलं संपतात. तो तिच्याकडे हात करतो, आणि इथेच कात्री लागली होती. त्यानंतर मुलगी दिसते ती थेट प्रेत होऊन, गावात शिरणाऱ्या बापाच्या हातावर. कित्येक वर्षं लोकांनी हेच पाहिलं आणि मधलं ज्यानं त्यानं आपापल्या मनानं भरलं. मनानं काय भरलं असेल ते सांगायला नको. १९८०च्या दशकात तो कापलेला तुकडा परत जोडला गेला. त्यात काय आहे? तो मुलीला उचलतो आणि पाण्यात टाकतो, कारण त्याच्या हिशेबी तीही फुलासारखी तरंगणार. ती बुडते. तो गडबडतो, पाण्यात हात मारतो आणि केविलवाणा होऊन पळत सुटतो. सेन्सॉरनं प्रेक्षकांना वाचवायला म्हणून कापलं आणि बिचाऱ्याच्या माथी भलतंच पाप मारलं. तुकडा सापडला तेव्हा तो थोडा तरी सुटला.

काँगचं नेमकं उलटं झालं. १९३८ साली सिनेमा पुन्हा लागला तेव्हा बरंच काही छाटलं होतं. काँग गावकऱ्यांना चिखलात तुडवतो, माणूस दातात धरतो, न्यूयॉर्कमध्ये एका बाईला खिडकीतून ओढून काढतो आणि ही ती नव्हे हे लक्षात आल्यावर उंचावरून सोडून देतो. तीसेक वर्षांनी हे सगळं परत आलं. तोवर प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांना तो गरीब बिचारा प्रेमवीर वाटत होता. फिल्म सापडते तेव्हा कुणाची बाजू घेईल, सांगता येत नाही.

जुनी फिल्म नायट्रेटची. तिच्या पेटण्यातच प्राणवायूची सोय असते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी जळत राहते. हे मला पुण्याची आग वाचल्यावर कळलं. २००३ साली, प्रभातच्या जुन्या आवारात, आपल्या कितीतरी फिती अशाच गेल्या. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात केलेल्या १९२०च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका अंगावर येणारा होता की त्यालाही सेन्सॉरची कात्री लागली. आज तो तुकडा नाही आणि सिनेमाही नाही. त्याबद्दल मात्र 'सापडलंय म्हणे' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. निदान कुणी पुडी तरी सोडावी.

आता कबुली. मी तो कोळी पाहिला आहे.

नववीत असताना आम्ही भाड्यानं व्हीसीआर आणला होता. एका रात्रीत तीन सिनेमे, पैसे वसूल. तिसरा 'किंग काँग'. मोठी माणसं केव्हाच आडवी झाली होती, फक्त मी आणि हाच मावसभाऊ जागे. कॅसेट घासून घासून बाद झालेली. ओंडक्याचा प्रसंग आला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. त्या मुंग्यांत खालून काहीतरी काळं, खूप पायांचं सरकत वर आलं. मी ओरडलो, आजी उठली, व्हीसीआर बंद झाला. सकाळी भाऊ म्हणाला, "मी पण पाहिला." देवाशपथ म्हणाला.

पुढे कळलं, की तो प्रसंग कुठल्याच प्रतीत नाही. २००५ साली 'किंग काँग' नव्यानं काढणाऱ्या दिग्दर्शक पीटर जॅक्सननं जुन्याच पद्धतीनं, बाहुल्या एकेक चौकट हलवून, तो प्रसंग हौसेनं नव्यानं करून पाहिला. झकास केलाय. पण आमचा कोळी तो नव्हे. आमचा जास्त काळा होता.

भावाला मी लिहिलं, 'लिंक पाठव.' त्यानं पाठवली. कुणीतरी जॅक्सनचाच तुकडा खरवडून, ओरखडे पाडून, जुना म्हणून चढवला होता. मी तसं कळवलं. त्यानं अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'पण आपण पाहिलेला ना?'

झोप उडाली होती. मी मूळ सिनेमा लावला आणि ओंडक्यापाशी नेला. माणसं पडली. नायक कड्याच्या कपारीत लपला, वरून काँगचा हात त्याला चाचपू लागला. तेवढ्यात एक दोन पायांचा सरडा खालून वेल धरून वर चढू लागला. तो प्रसंग कापताना हा एवढा राहून गेला असावा. नायकानं सुरीनं वेल कापली आणि सरडा परत खाली गेला.

मी आवाज बंद केला, पाच सेकंद मागे घेतलं आणि या वेळी सरड्याकडे न बघता तो जिथून आला तिथे बघत राहिलो.