ब्लास्टॉइडसाठी परवानगी काढताना

मानवी ब्लास्टॉइड करायचं ठरलं आणि मंजुरी मिळवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. ब्लास्टॉइड म्हणजे स्टेम सेलपासून डिशमध्ये तयार होणारी, पाच-सहा दिवसांच्या भ्रूणासारखी दिसणारी रचना. ना स्त्रीबीज, ना शुक्राणू.

आपल्याकडे स्टेम सेल संशोधनासाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत संशोधनाचे तीन गट: परवानगीचं, निर्बंधित आणि निषिद्ध. मानवी ब्लास्टॉइडचे पहिले शोधनिबंध आले 2021 मध्ये, मग त्यांचा गट कोणता? वापरायच्या पेशी बघितल्या तर पहिला, तयार होणारी वस्तू बघितली तर दुसरा. मी दुसरा धरून अर्ज लिहिला. नंतर प्रश्न येण्यापेक्षा आधी आलेले बरे.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते 14 दिवसांच्या मर्यादेनं. भ्रूण 14 दिवसांपुढे, किंवा त्याआधी प्रिमिटिव्ह स्ट्रीक (शरीराची रचना आकार घेऊ लागल्याची पहिली रेघ) दिसली तर तिच्यापुढे, वाढवायचं नाही. पण इथे फलनच नाही, तर मोजायचं कुठून? इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या जेकब हन्ना यांच्या गटाचं 2023 चं, स्टेम सेलपासूनच केलेलं भ्रूणाचं मॉडेल (ते ब्लास्टॉइडच्या पुढच्या टप्प्याचं) आठच दिवस वाढवलेलं होतं आणि 14 दिवसांच्या भ्रूणासारखं दिसत होतं. शेवटी मी दिवसांसोबत खूणही लिहिली: स्ट्रीकशी संबंधित ब्रॅक्युरी हे प्रथिन दिसू लागलं की प्रयोग तिथेच बंद.

मंजुरी देणाऱ्या समितीच्या बैठकीत सगळ्यात अवघड प्रश्न शास्त्रज्ञांनी नाही, समितीवरच्या सामाजिक कार्यकर्त्या बाईंनी विचारला. "याचं मूल होणार नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?" खरं तर ते तपासायचा एकमेव मार्ग गर्भाशयातून जातो, आणि तोच निषिद्ध आहे. माकडांच्या ब्लास्टॉइडवर चीनमध्ये तसा प्रयोग झालाय. काही माद्यांत गर्भधारणेची सुरुवातीची लक्षणं दिसली, पण पुढे काही वाढलं नाही. मी तेवढंच सांगितलं. खात्री देता येत नाही, हेही.

मग संमतीपत्रं निघाली. पेशी देणाऱ्या दात्यांनी पूर्वी "संशोधनासाठी" म्हणून सही केलेली. भ्रूणासारखं काही बनेल हे त्यांत नव्हतं. समितीनं पुन्हा संमती घ्यायला लावली, आणि ते रास्तच होतं. मराठी माहितीपत्रकात आम्ही सरळ लिहिलं की तुमच्या पेशींपासून भ्रूणासारखी रचना होईल, ती कोणाच्याही गर्भाशयात ठेवली जाणार नाही आणि ठरलेल्या टप्प्यावर नष्ट केली जाईल. एका दात्यानं नकार दिला. त्याच्या पेशी आता या कामातून वगळल्या आहेत, बाकीच्यांवर मंजुरी मिळाली, दर वर्षी अहवाल द्यायच्या अटीवर.