मे महिना, अकोला आणि शंभर अंशांवर टेकलेला पीसी

लग्नाच्या व्हिडिओंचा सीझन आणि अकोल्याचा उन्हाळा एकाच वेळी येतात, त्याला इलाज नाही. गेल्या मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत कूलर लावूनही ३७. त्यात माझा पीसी एक्स्पोर्ट (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावला की मिक्सरसारखा ओरडायला लागला. बाबा दारातून म्हणाले, "हे मशीन काऊन येवढं बोंबलून राह्यलं?"

आवाजाचं सोडा, वेळेची अडचण होती. ज्या फाइलला चाळीसेक मिनिटं लागायची तिला ५२ मिनिटं लागत होती. प्रोसेसर इंटेल कोअर आय५ १०४००, त्याच्यासोबत डब्यात येतो तोच छोटा पंखा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं तर तापमान १०० अंश. या प्रोसेसरची तीच मर्यादा. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःच वेग कमी करतो. सगळे सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) ४ गिगाहर्ट्झवर चालायला हवेत, ते ३.३-३.४ वर येऊन बसले होते.

ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने लगेच उपाय काढला : "वरून एक गोल कापून देतो, मोठा पंखा बसव." पण पीसीचा हा पत्र्याचा डबा, म्हणजे कॅबिनेट, पुढे विकायचंय, भोक पाडलेलं कोण घेणार? शिवाय कापताना उडालेला लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला तर वेगळंच काम. म्हणून ठरवलं, पत्र्याला हात लावायचा नाही.

आणि घाईघाईत पहिली चूक केली. निदान न करताच १२० मिमीचे दोन पंखे आणून पुढच्या तयार जागांवर बसवले. फरक शून्य. त्यानंतर केलं ते आधी करायला हवं होतं : कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच एक्स्पोर्ट पुन्हा लावला. तापमान ९५ वर आलं आणि वेगही थोडा वाढला. म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडत नव्हती हे खरं. पण झाकण सताड उघडं असूनही ९५, म्हणजे दुसरंही काहीतरी बिघडलेलं होतं.

हवेचं कोडं उदबत्तीने सोडवलं. पेटती उदबत्ती पुढच्या जाळीजवळ धरली तर धूर आत जाण्याऐवजी माझ्या तोंडावर. दोन्ही पंखे मी उलटे बसवले होते! पंख्याच्या ज्या बाजूला पात्यांवर आडव्या पट्ट्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते. ती बाजू आत हवी होती, मी बाहेर ठेवली; काही विचार करून ठेवली असती तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. तसंही नव्हतं, बघितलंच नव्हतं. पलटले. आता पुढून दोन आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते, कारण बरीचशी हवा गाळणीतूनच येते.

दुसरं कोडं टेबलाचं. कॉम्प्युटर टेबलाला सीपीयूसाठी जो कप्पा असतो, तो म्हणजे भट्टी. मागे फळी, बाजूला फळी, गरम हवा तिथेच फिरून पुढून परत आत. कॅबिनेट बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवलं. पाट यासाठी की पॉवर सप्लायचा पंखा खालून हवा ओढतो आणि खाली सतरंजी होती. त्या खालच्या जाळीवर धुळीची अक्षरशः गोधडी निघाली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. गरगर फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

खरा चोर मात्र प्रोसेसरच्या पंख्याखाली होता. वायर काढून, मशीन थंड झाल्यावर पंख्याला हात लावला तर एक कोपरा हलला. चार प्लास्टिकच्या पिनांपैकी एक बोर्डात बसलेलीच नव्हती, बहुधा जोडणी झाली तेव्हापासून. प्रोसेसरची उष्णता पंख्याखालच्या धातूत पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. मोबाइल रिपेअरवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, चष्म्याच्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसले, मधोमध मटाराएवढी नवीन पेस्ट. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबायच्या, टक आवाज येईपर्यंत. पिनेच्या डोक्यावरचा बाण हा काढण्यासाठी फिरवायच्या दिशेचा असतो, बसवण्याच्या नाही. यात माझा अर्धा तास गेला. शेवटी मागचं झाकण काढून बोर्डामागच्या पत्र्यातल्या तयार चौकोनी खिडकीतून चारही टोकं बाहेर आलीत का ते बघितलं, तेव्हा कुठे खात्री पटली.

रात्री एक्स्पोर्ट लावला. खोलीत ३६, प्रोसेसर ८६, वेग पूर्ण, वेळ ४१ मिनिटं.

मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, गेलो. बोर्डाने प्रोसेसरला हवी तेवढी वीज खायची मोकळीक दिली होती. दीर्घकाळ खायच्या विजेची मर्यादा ६५ वॉट केली, हा प्रोसेसर त्याच आकड्यासाठी बनलाय. तापमान ७९, वेळ ४३ मिनिटं. दोन मिनिटं गेली तर गेली, पंख्याचा आवाज निम्मा झाला. खोली ३७ अंश असताना पंखा फिरवून ३७ च्या खाली जाता येत नाही, तेव्हा ७९ वर मी खूश आहे.

एक उद्योग करू नका : घरातल्या कूलरचं तोंड कॅबिनेटकडे. मी केला होता. चार अंश उतरले, पण आठवड्यात पुढच्या जाळीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरला. तो आत बोर्डावर जाऊन बसण्याआधी कूलर पुन्हा बाबांकडे वळवला. टेबलाच्या रिकाम्या कप्प्यात आता आईने कांदे ठेवलेत.