वाकल्याशिवाय लावणी: नळी झटपट झाली, चोचीने रडवलं

चोच. न वाकता बी पेरायला आणि रोपं लावायला मी नळीचं हत्यार करून घेतलं, त्यातला एवढा एकच भाग. बाकी सगळं दोन संध्याकाळींत उरकलं आणि या वीतभर पत्र्याने पाच आठवडे खाल्ले. खरं तर तिच्यापासूनच सुरुवात करणार होते, पण नळी कळल्याशिवाय चोच कळत नाही, म्हणून नळी थोडक्यात.

जागा म्हणजे ठाण्यात मानपाड्याला सोसायटीच्या कंपाउंडलगतचा पट्टा, बावीस मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. खाली भराव, वर गोण्यांनी आणून पसरलेली लाल माती. कमरेत वाकायचं नाही, ही अट. बियांपुरता यावरचा उपाय आपल्याकडे जुनाच आहे. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरली की बी नळ्यांतून खाली सरीत उतरतं आणि पेरणारी बाई ताठ चालत राहते. मी त्यातला एकच नळा घेतला.

वायरिंगचा २५ मिमीचा पीव्हीसी पाइप, लांबी ९५ सेंमी. लांबी आपापल्या उंचीप्रमाणे: सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवला की तळहात जिथे येतो, तिथे नळीच्या वरच्या तोंडात बसवलेल्या नरसाळ्याचा काठ यायला हवा. खालचं टोक ४५ अंशात तिरकं कापायचं. भोक मात्र नळीने पाडायचं नाही. सगळे पहिल्यांदा हेच करतात, आणि दुसऱ्याच भोकाला नळीच्या तोंडात मातीचं बूच बसतं. भोकासाठी फावड्याचा जुना दांडा घेतला, टोक तासून पण बोथट ठेवलं. टोक अणकुचीदार असेल तर भोक खाली निमुळतं होतं, बी अर्ध्यावर अडकतं आणि त्याच्याखाली पोकळी राहते. दांड्याला होज क्लिप (पाइप आवळायची पत्र्याची पट्टी) आवळली की तीच खोलीची खूण. भेंडी, काकडी, दोडक्याला २ सेंमी, मुळ्याला १, वालाला ३. दांडा उपसायचा, नळी भोकावर टेकवायची, बी सोडायचं, चवड्याने माती लोटून हलकेच दाबायची. झालं.

आता रोपं. रोप नळीतून खाली गेलं पाहिजे आणि जमिनीत उभं बसलं पाहिजे. त्यासाठी नळीच्या टोकाला मिटलेली चोच लागते. ती मातीत घुसते, वरून रोप सोडायचं, मग चोच उघडून हत्यार वर उचलायचं. फिनलंडमध्ये जंगलाची रोपं लावायला अशीच नळी १९७० च्या दशकापासून वापरतात, पोटीपुटकी म्हणतात तिला. म्हणजे कल्पना सिद्ध झालेली आहे. मला फक्त तिची छोटी आवृत्ती हवी होती, ९८ खणांच्या ट्रेमधल्या भाजीच्या रोपांसाठी.

६३ मिमीचा पाइप सहज मिळाला. चोचीसाठी वागळे इस्टेट गाठलं. १९६२ साली एमआयडीसीचा श्रीगणेशा इथेच झाला, तेव्हा वाटलं की पत्र्याची एक चोच काय अवघड. पहिल्या दोन ठिकाणी "एक नग करत नाही" हे उत्तर मिळालं. तिसऱ्या फॅब्रिकेशनवाल्याने होकार दिला, कागदावरचं चित्र न बघताच खिशात घातलं आणि "काकू, गुरुवारी या" म्हणाला. कोणत्या गुरुवारी, हे विचारायला हवं होतं.

पहिला नमुना दहा दिवसांनी मिळाला. चोचीचे दोन्ही अर्धे हलणारे, आणि बिजागऱ्या वरच्या काठापासून ३ सेंमी खाली. दिसायला सुबक. पण बिजागरीच्या खालचा पत्रा बाहेर उघडला की तिच्या वरचे ३ सेंमी आत येतात, कात्रीसारखे. टोमॅटोच्या पहिल्याच रोपाचा शेंडा तुटला. बिजागरी वरच्या काठावरच हवी, एक मिलिमीटरही खाली नको. शिवाय दोन्ही अर्धे हलवायची काही गरज नाही. एक अर्धा पाइपला दोन बोल्टांनी पक्का करायचा, एकच हलता ठेवायचा. बिजागऱ्या निम्म्या, भांडण निम्मं.

दुसरा नमुना, आणखी बारा दिवसांनी. बिजागरी जागेवर आली, पण दोन अर्धे काठाला काठ भिडवलेले, मध्ये दोनेक मिलिमीटरची फट. ओल्या लाल मातीला तेवढी पुरते. तिसऱ्या रोपापर्यंत चोचीच्या आतून मातीचा लेप चढला आणि रोपाचा गड्डा (मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा) वरच लटकला. वर दिसतं रोप गेलं, हत्यार उचललं की रोपही त्याच्याबरोबर वर. काठ कौलांसारखे एकावर एक चढलेले हवेत, किमान ५ मिमी. "तेवढ्याने काय होतंय" हे वाक्य मी त्या गाळ्यात तीनदा ऐकलं.

तिसऱ्या खेपेला काठ बरोबर आले, तर चोच उघडायची पट्टी चुकली. हलत्या अर्ध्याला बिजागरीशी बाहेरच्या बाजूला एक आडवी पट्टी जोडायची. सायकलची ब्रेक वायर तिला वर ओढते आणि चोच उघडते. चित्रात ४ सेंमी होती, त्याने "मजबूत राहील" म्हणून ८ सेंमी केली. ब्रेकची मूठ पूर्ण दाबली तरी वायर साधारण २ सेंमीच सरकते. पट्टी ८ सेंमी असली की १४ सेंमीची चोच टोकाला जेमतेम साडेतीन सेंमी उघडते, ४ सेंमी असली की सहा-सात. गड्डा वरच्या बाजूला ३ सेंमी रुंद असतो आणि मातीही दोन्हीकडून आत ढकलत असते, त्यामुळे सहाच्या खाली चालत नाही. पट्टी शेवटी मी घरी करवतीने कापली आणि नवीन भोक पाडलं. पुन्हा गुरुवार नको होता.

यात माझाही एक गाढवपणा झाला. चित्राऐवजी पहिल्या दिवशीच तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चोचीचा नमुना न्यायला हवा होता. कारागीर कागद बघत नाहीत, वस्तू हातात घेऊन फिरवून बघतात. पत्रा १६ गेजचा पुरतो. जाड घेतला तर हत्यार खाली जड होतं आणि मनगट दुखतं.

दुसरा गाढवपणा मोठा. ट्रेमध्ये बी आधीच टाकून बसले होते. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांत लावायला हवं, वांगं-मिरची आणखी आठवडाभर थांबतात. चोच येईपर्यंत टोमॅटो वीतभर लांब झाले, मुळं खणात गोल गोल फिरली. असं रोप नळीत आडवं अडकतं आणि लागलं तरी आठवडाभर रुसून बसतं. आधी हत्यार, त्यात एखादं टाकाऊ रोप सोडून चाचणी, मगच ट्रे.

चोच मिटवणाऱ्या स्प्रिंगबद्दल राहिलंच. मी सायकलच्या स्टँडची लावली, ती इतकी कडक की मूठ दाबवेना. हलकी स्प्रिंग पुरते, कारण मातीत घुसताना बाहेरची मातीच चोच मिटलेली ठेवते. जाळीच्या दाराची जुनी स्प्रिंग लावली, तेव्हा जमलं. पक्क्या अर्ध्याला टोकापासून ७ सेंमीवर एक आडवी पायटी वेल्ड करून घ्या. पाय ठेवून दाबायलाही तीच आणि खोली थांबवायलाही तीच. ही एक गोष्ट त्याने पहिल्याच फटक्यात बरोबर केली.

वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी स्थिती, असेल तरच हे सगळं चालतं. मातीचा लाडू मुठीत वळायचा आणि अंगठ्याने टोचायचा. फुटला तर वाफसा आहे, अंगठा रुतला तर घरी जा. जुलैत ठाण्यात दोन-तीन दिवसांची उघडीप मिळेपर्यंत थांबावंच लागतं. ओल्या मातीत चोच भोकाच्या भिंती गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत करते, मुळं त्या सहजी ओलांडत नाहीत. त्यात हत्यार पिळून फिरवलं तर आणखी वाईट. सरळ दाबायचं, मूठ आवळायची आणि आवळलेलीच ठेवून वर उचलायचं. वर येण्याआधी मूठ सुटली तर चोच रोपाला धरून आणते.

ट्रेला लावणीच्या दोन तास आधी पाणी. कोरडा गड्डा नळीला घासून फुटतो, गच्च ओला तळाशी आपटून सांडतो. गड्ड्याचा वरचा भाग मातीखाली अर्धा ते एक सेंमी गेला पाहिजे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उघडं राहिलं तर वातीसारखं ओल वर खेचतं आणि दुपारपर्यंत रोप मान टाकतं. टोमॅटो मात्र बीजपानांपर्यंत खोल गेला तरी खूश, खोडालाही मुळं फुटतात. ट्रे खाली ठेवू नका, नाहीतर प्रत्येक रोपाला वाकणं आलंच. चणेवाल्यासारखा पट्टा लावून गळ्यात अडकवायचा.

बियांचं एक आता आठवलं. भिजवलेली भेंडी नळीला चिकटते. सावलीत वीसेक मिनिटं सुकवून चुलीच्या राखेत घोळवली की खडखडत खाली जाते. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा टोमॅटोसारखं हलकं बी पीव्हीसीला घर्षणाच्या स्थिर विजेने चिकटून राहतं. तिथे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नळी बरी. मेथी-पालकाला नळी काढूच नये, उभ्याने फोकायचं (हाताने विखरून पेरायचं) आणि दाताळं फिरवायचं. एका भोकात चार-चार बिया टाकायची सवयही सोडा. नंतर विरळणी करायला वाकावं लागेल. ताजं बी असेल तर एकच, शंका असेल तर दोन. दोन्ही उगवली तर लांब दांड्याच्या खुरप्याने एकाची मान कापायची.

अंतरासाठी दोरी ताणायला वाकावं लागतं, म्हणून पायटीच्या बाजूला ४५ सेंमीची लाकडी पट्टी आडवी लावली आहे. तिचं टोक टेकेल तिथे पुढचा टोमॅटो. भेंडीसाठी त्याच पट्टीवर ३० सेंमीला रंगाची रेघ.

काम संपलं की चोच लगेच धुवायची आणि बिजागरीला व ब्रेक वायरला तेलाचे दोन थेंब सोडायचे. पावसाळ्यात वायर आठवडाभरात गंजून आवरणात घट्ट बसते. आणि भिंतीला छातीच्या उंचीवर दोन खुंट्या ठोकून घ्या, एक दांड्याला, एक नळीला. जमिनीवर ठेवलेलं हत्यार उचलायला वाकावंच लागतं, हे मला चौथ्या दिवशी कळलं.