सोनोग्राफीत दिसलं नाही ते

नवव्या आठवड्यात मिरजेला सोनोग्राफी झाली. बाळाचे ठोके ऐकले, पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. डॉक्टर मॅडम मात्र माझ्या सीबीसीवर, म्हणजे साध्या रक्ततपासणीवर, अडल्या. हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा आकार ६४, दोन्ही कमी. तासगावात महिनाभर लोहाच्या गोळ्या खाऊन ढिम्म फरक नव्हता. त्यांनी एचपीएलसी करायला लावली, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी. त्यातला एक प्रकार एचबीए२, तो आला ५.३ टक्के. साडेतीन-चारच्या वर गेलं की थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्तातला आनुवंशिक दोष नुसता अंगात बाळगणं.

मग ह्यांचं रक्त. आत्या, म्हणजे माझी सासूच, म्हणाली, "त्याला काय धाड भरलीय?" ह्यांचंही तेच निघालं. मामे-आतेभावंडांचं लग्न आमचं. आजोबांकडून आलं की आजीकडून, ते आता कुणाला विचारणार!

दोघंही मायनर, म्हणजे प्रत्येक बाळंतपणात मेजरची शक्यता २५ टक्के. आणि मेजर म्हणजे जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं.

"पण सोनोग्राफी तर चांगली आलीय ना?" मी पुन्हा पुन्हा विचारत होते. मॅडम म्हणाल्या, बीटा थॅलेसेमिया तिथे दिसत नाही. पोटात बाळाचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, मोठ्या माणसाचं मुख्यतः तयार व्हायला लागतं जन्मानंतर. म्हणून बाळ जन्मताना गुटगुटीत असतं आणि काही महिन्यांनी पांढरंफटक पडायला लागतं. अल्फा थॅलेसेमियाच्या गंभीर प्रकारात मात्र बाळाच्या अंगात पाणी साठलेलं, वार जाड झालेली सोनोग्राफीत दिसते.

आधी आम्हा दोघांचा डीएनए तपासला, कुठला दोष शोधायचा ते कळावं म्हणून. सतराव्या आठवड्यात बाळाला मेजर आहे का ते बघायला पोटात सुई घालून गर्भजल काढलं. त्याआधी कागद! मुलगा की मुलगी जाणून घ्यायचं नाही, म्हणून फॉर्म एफ. सुईच्या संमतीचा फॉर्म जी. ह्यांनी पेन उचललं तर सिस्टर म्हणाल्या, "साहेब, ही सही ताईंची." एरवी घरात माझी सही कोण विचारतंय.

त्या दिवशी सोनोग्राफीचं काम एवढंच, सुई बाळापासून लांब ठेवणं. मी पडद्याकडे बघत राहिले. फिकट पिवळं पाणी, इंजेक्शनभर. दुखलं थोडंच.

नमुना मुंबईला गेला. गर्भपाताच्या कायद्यातले २४ आठवडे कालनिर्णयवर कुणीच लिहिले नाहीत, पण घरात सगळ्यांना पाठ होते. अडीच आठवड्यांनी फोन आला: मायनर, आमच्यासारखंच. आत्या देवघरात गेली ती तासभर बाहेर आली नाही.

सध्या नणंदेला स्थळं बघतायत. बायोडाटात रक्तगटाच्या खाली एचबीए२ लिहायचं का, यावरून घरात रोज वाद.