वेंगुर्ल्याला जाताय? मग जेवायची वेळ चुकवू नका

मालवण-तारकर्ली दोनदा झालं होतं, म्हणून या मार्चमध्ये बायकोला म्हटलं चल वेंगुर्ल्याला जाऊ, तिकडे गर्दी कमी असते. गर्दी खरंच कमी. इतकी की दुपारी एक ते चार बाजारात गेलात तर अर्धी शटरं खाली, आणि त्यात आम्ही पोचलो सोमवारी. रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून एसटीने साधारण 25 किलोमीटर (सावंतवाडीहूनही जवळपास तेवढंच पडतं), रूमवर आंघोळ, मग जरा पडलो तर डोळाच लागला आणि पावणेतीनला खानावळीत गेलो तर मासे संपलेले. एकतर सोमवारी तिकडे बरेच जण मासे खात नाहीत त्यामुळे बनवलेलेच कमी, वर आम्ही उशिरा. भात-डाळ खाऊन परत आलो, बायको शाकाहारी आहे ती मात्र खुशीत होती.

तर सोमवार टाळा आणि साडेबारा-एकला पानावर बसा.

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. सकाळी बंदरावर गेलो, होड्या येत होत्या, टोपल्यांत काय दिसतंय ते बघून घेतलं आणि मग खानावळीत मेनूकार्ड न मागता सरळ विचारलं की आज ताजं काय आहे. मावशींनी आधी 'खयसून इलात?' (कुठून आलात?) केलं आणि मग बांगड्याचं तिखलं पुढे ठेवलं. त्यात तिरफळं (मिऱ्यासारखा मसाला) असतात, ती चावायची नाहीत हं, बाजूला काढायची, मी पहिलं चावलं आणि जीभ बधिर. पण तो वास! सगळे सुरमई फ्रायच्या मागे असतात, सुरमई पुण्यातही मिळते हो, इथे येऊन बांगडा, पेडवे, तिसऱ्या खा, स्वस्तही पडतं. सोबत उकड्या तांदळाचा भात, आणि सोलकढीची दुसरी वाटी मागायला लाजू नका.

शाकाहारी लोकांनी मार्च-एप्रिलमध्येच जावं असं मी म्हणेन, कारण तेव्हा ओल्या काजूची उसळ मिळते. महाग असते पण घासाघीस करू नका, ओले काजू सोलताना टरफलातल्या चिकाने बायकांची बोटं अक्षरशः सोलवटतात. सकाळी नाश्त्याला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. शिरवाळे मिळाले तर सोडू नका, तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, हे मात्र बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

बाकी फिरण्याचं म्हणाल तर सागरेश्वरचा किनारा गावाला लागूनच, संध्याकाळी आम्ही आणि दोन कुत्री. पाण्यात उतरायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, ओढ असते. डच वखारीचे अवशेष गावातच आहेत, पाच मिनिटांत बघून होतात. एक दिवस स्कूटर घेऊन शिरोड्याला जा, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडं, मिठागरं अजून दिसतात, आणि तसंच पुढे रेडीचा गणपती. किनाऱ्यावर सकाळी रापण (दोऱ्यांनी किनाऱ्यावर ओढतात ते मोठं जाळं) ओढत असतील तर थांबा. आम्ही पण दोरीला हात लावला, आमच्या ताकदीने काही फरक पडला नसणार पण जाताना मूठभर मासे हातावर ठेवले, ते मावशींकडे नेऊन दिले तर त्यांनी दुपारी तळून वाढले.

जून-जुलैला मासे खायला म्हणून जाऊ नका, ट्रॉलरची मासेमारी बंद असते. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज गेली की स्कॅनर नुसता भिंतीला. येताना कोकम आगळ (सोलकढीसाठी लागणारा कोकमाचा घट्ट रस), काजू घ्या. सुकी मासळी पण घेतलीत तर तीन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, आम्ही दोनच पिशव्या वापरल्या आणि पनवेलपर्यंत समोरच्या काकूंनी आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.