तुम्ही विचारलंत म्हणून : आग विझली का?

आमच्या चर्चच्या तरुण संघातली पोरं दर दोन-चार महिन्यांनी विचारतात, "काका, पूर्वी तुम्ही कसे पेटलेले होता म्हणे. मग आग विझली कशी?" परवा एकाने चहाचा कप हातात देता देता बायबलातल्या प्रकटीकरणाचा तिसरा अध्यायच ऐकवला : तू कोमट आहेस म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार आहे. चहा मात्र गरम होता.

एकदाच सांगतो. आग नको असं मी कधीच म्हटलेलं नाही. येशूच्या पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवशी त्याच्या शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरल्या, हे मी मानतो. जून १९०५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या, तिथली बाई बादली आणायला धावली आणि पाणी ओतणार तेवढ्यात कळलं की पोरगी जळतच नाहीये. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्सबाईंनी १९०६ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, तेही मानतो. फक्त तुम्ही साक्ष देताना ज्वाळांवर थांबता आणि मला ती बादली आठवत राहते. शहाणी बाई. माणसाला आग लागलेली दिसली की आधी पाणीच आणायचं असतं.

मी बावीस वर्षांचा होतो. नगरकडचं आमचं गाव, तीन दिवसांची उपास-प्रार्थना, बाहेरगावचा प्रचारक. तिसऱ्या रात्री त्याने प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय उघडला. इफिस शहरात लोकांनी आपली जादूटोण्याची पुस्तकं आणून चारचौघांत जाळली, किंमत चांदीची पन्नास हजार नाणी. मग म्हणाला, तुमच्याही घरात असेल काही जुनं, टाळ कुटणारं, अर्धंमुर्धं.

आमच्या घरात आजोबांची वही होती. खतावणीसारखी लांबट, पाठीला लाल कापड. तीत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, आणि पुढे आजोबांनी स्वतः रचलेली कीर्तनाची आख्यानं. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन दीडशे वर्षांहून जुनं आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी ती परसातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातली. वही बंद असली की लवकर पेटत नाही, कडाच काळ्या होतात. म्हणून काठीने पान पान उलटून जाळली. म्हणजे वाचत वाचत जाळली. शद्रख, मेशख, अबेद्नगो, या राजाने जळत्या भट्टीत टाकलेल्या तिघांचं आख्यान होतं, आणि समासात बारीक अक्षरात : "इथे झांज थांबव."

पहाटे आजोबा अंघोळीच्या पाण्याला आले. राखेत कापडाचा तुकडा दिसला असणार. मला एवढंच म्हणाले, "पाणी तापलं का रे?"

पुढच्या रविवारी ते आख्यान म्हणायला उभे राहिले. दोन चरण म्हटले, तिसऱ्याला अडकले. झांजवाला थांबून राहिला. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली होती. ते बघत नव्हते, हे नंतर आईने सांगितलं.

भट्टीतून निघालेल्या त्या तिघांच्या अंगाला धुराचा वाससुद्धा नव्हता, असं बायबलात दानीएलाच्या पुस्तकात आहे. माझ्या हातांना दोन दिवस येत होता.

हेतू शुद्ध होता, असं मी स्वतःला दहा वर्षं सांगत आलो. इफिसकरांनी स्वतःची पुस्तकं जाळली होती, मी दुसऱ्याचं जाळलं. एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती, असं म्हणायचो. खोटं आहे. दिसली होती. आणि तरीही, हे तुम्हाला आवडेल, त्याच तीन रात्रींत माझी दारू सुटली, ती आजतागायत. मग ती आग कुणाची म्हणू? दारू जाळणारी देवाची आणि वही जाळणारी माझी, अशी वाटणी करून बघितली. जमत नाही. काडी एकच होती.

बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकात, प्रभू रुपं, म्हणजे चांदी, गाळणाऱ्यासारखा बसेल असं आहे. त्यावर पाळक हमखास सांगतात, की चांदीत आपला चेहरा दिसला की सोनार ओळखतो, ती शुद्ध झाली. मी आमच्या पेठेतल्या सोनाराला विचारलं. तो हसला. "तोंड बघायला आरसा आहे की. मुशीवरची नजर काढायची नाही. आच कमी पडली तर मळ राहतो, आणि लक्ष नसलं तर मालच जातो." मी त्या रात्री बसलो नव्हतो, उभा होतो आणि काठीने ढोसत होतो. पण न ढोसता, नुसतं बसून माझी दारू सुटली असती का? बहुतेक नसती.

तेव्हा पोरांनो, विझली म्हणा, कोमट म्हणा. पुढच्या उपास-प्रार्थनेला मी येईन, मागच्या बाकावर बसेन.

गेल्या पावसाळ्यात एक लांबट वही आणली. आख्यानाचे दोन चरण उतरवले. तिसऱ्यातलं फक्त "इथे झांज थांबव" आठवतंय, तेवढं समासात लिहून ठेवलंय.