इनबॉक्समधली गिऱ्हाइकं

येवल्याच्या पैठण्या मी इन्स्टाग्रामवर विकते, पण खरा धंदा होतो तो मेसेजमध्ये. ‘प्राइस?’ एवढंच विचारणाऱ्या बाईला नुसता आकडा पाठवला की बोलणं तिथेच संपतं. मी किंमत लपवत नाही, आधी सांगते; आणि लगेच विचारते, कुणासाठी हवी, कार्य कधी आहे? परवा एकीने लिहिलं, सासूबाईंची साठी आहे, त्यांना जड जरीची साडी झेपत नाही. तिला मी बारीक नारळी काठाची, हलक्या पदराची दाखवली.

दाखवायला फोटो पुरत नाही. हातमागाची पैठणी उलट्या बाजूने ओळखावी: पदरावरचा मोर मागूनही तितकाच सफाईदार दिसतो, धागे लोंबत नाहीत. म्हणून खिडकीपाशी उजेडात पदर उलटून छोटा व्हिडिओ काढते, विचारणाऱ्या बाईचं नाव घेऊन बोलते. साडी यंत्रमागाची असेल तर तेही तिथेच सांगून टाकते.

नव्याने धंद्यात आलेल्या मुलींना माझं एकच सांगणं असतं, ‘मेसेज रिक्वेस्ट’चा कप्पा रोज उघडा. आपण ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे मेसेज तिथे पडून राहतात, आणि समोरच्याला वाटतं, हिने साधं उत्तरही दिलं नाही.

दिवाळीला सगळ्यांना एकच शुभेच्छाचित्र ढकलणं मला पटत नाही. त्यापेक्षा लग्नानंतर नवरीला विचारावं, ‘साडी नेसायला जड गेली नाही ना?’ मग फोटो येतात, आणि पुष्कळदा मागोमाग मावसबहिणीचा मेसेजही.